नारळाचं कार्ड

दादा, शनिवारी पहाटे तू झोपेतच गेलास. सोमवारी तारीख होती. शिपायाने कोर्टाच्या दारात तुझं नाव तीनदा पुकारलं. वकीलबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आरोपी मयत."

सोमवारी माझी साक्ष होती. तुझ्या बाजूने बोलणारी मी पहिली आणि शेवटची. सुतकात घराबाहेर पडावं की नाही, मला ठरवता येत नव्हतं. वहिनीच म्हणाली, "जावा वन्सं. त्येंका बोलावल्यानी हा. कोणीतरी जावक व्हया." म्हणून गेले. न्यायाधीशांनी मृत्यूचा दाखला मागितला, वकीलबाईंनी हजर करते म्हणून सांगितलं, पुढची तारीख पडली. एवढंच. मी जागेवर उभी राहिले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, "बहीण." ते म्हणाले, "बसा, बाई." आवाजात माया होती. मी बसले. बहीण म्हणायला हवं होतं की साक्षीदार, ते मला अजून कळलेलं नाही.

व्हरांड्यात मी वकीलबाईंना विचारलं, "मग आता निकाल काय लागणार?"

"निकाल नाही ताई. केस अबेट होईल. आरोपी गेला की त्याच्यावरचा खटला तिथेच संपतो."

"म्हणजे सुटला?"

"सुटले असं लिहीत नाहीत."

"मग दोषी?"

"तसंही लिहीत नाहीत. फाइल बंद होते."

त्या कुडाळहून येतात, त्यांची गाडी निघायची होती, तरी त्या माझ्याजवळ थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी ग्रंथालयात जन्म काढला. पुस्तक हरवलं की आम्ही 'हरवलं' लिहितो, वाळवी लागली की 'बाद' लिहितो. काहीच लिहायचं नाही असा शेरा मला कधी द्यावा लागला नाही. तुझ्या नावापुढे तो कसा वाचायचा?

तुला ठाऊक आहे तेच पुन्हा लिहिते आहे, कारण क्रम लावल्याशिवाय मला विचार करता येत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात, एका गुरुवारी संध्याकाळी, तू तरव्याच्या जागेवर, जिथे भाताची रोपं करतात तिथे, भाजावळ केलीस. शेण, सुका पातेरा आणि झाडांच्या छाटलेल्या फांद्यांची कवळं पसरून, हातात माडाच्या झावळीची पेटती चूड घेऊन, दर वर्षी करायचास तशीच. शुक्रवारी दुपारी मेरेच्या, म्हणजे सामाईक बांधाच्या, पलीकडची गुणाजीची काजूची बाग पेटली. बोंडू लगडलेल्या काजी, कोपऱ्यातला रायवळ आंबा, कुंपण, सगळं. रविवारी देवळात गाव बसला. तिथे तू देवापुढे नारळ ठेवलास. सोमवारी गुणाजीने पोलिसात तक्रार दिली की आदल्या वर्षीच्या मेरेच्या भांडणाचा डूख धरून तू त्याची बाग जाळलीस. त्याने तुला चूड घेतलेलं पाहिलं होतं, ते गुरुवारी. नारळ ठेवताना पाहिलं, ते रविवारी. मधली शुक्रवारची दुपार त्याने स्वतःच्या मनाने भरली.

त्या दुपारी तू मालवणात माझ्यासमोर बसला होतास. शुक्रवारी यायचास तसा आला होतास, गावाकडून कट्ट्याच्या एसटीने, पानात बांधलेले ओले काजूगर घेऊन. वाचनकक्षात पेपर उघडून बसलास आणि राशिभविष्य मोठ्याने वाचलंस म्हणून मी तुला दटावलं. बाग पेटली तेव्हा तू कन्या राशीला प्रवासयोग आहे असं सांगत होतास.

आणि तू नोंदवहीत सही केली नव्हतीस. वाचनकक्षात येणाऱ्या प्रत्येकाने सही करायची, हा आमचा नियम. तू कधी केली नाहीस. "मी वाचूक येवक नाय, भयणीक भेटूक येतंय," म्हणायचास, आणि मी ते चालवून घ्यायचे. वकीलबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला, "काही लेखी आहे का? बहिणीच्या तोंडी साक्षीला कोर्ट फार वजन देत नाही." मी ती नोंदवही काढली. त्या शुक्रवारच्या पानावर सात सह्या होत्या, त्या सातांपैकी कोणालाच तो दिवस आठवत नव्हता, आणि त्यांच्याखाली एक ओळ रिकामी. मी त्या ओळीकडे किती वेळ बघत बसले हे तुला सांगितलं नव्हतं. नुसतं सांगितलं की एक ओळ रिकामी आहे. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "इतक्या वर्सांत सही करूक नाय, आता कोर्टासाठी करू? ठेव ती वही कपाटात." मी ठेवली. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. तू दुसरं काही म्हणाला असतास तर मी काय केलं असतं, मला खात्री नाही.

मग मी कार्डं केली. संगणक आला तेव्हा जुन्या सूचीची कार्डं रद्द झाली होती, त्यांची मागची बाजू कोरी होती. एका घटनेला एक कार्ड. तारीख, वेळ, जागा, कोणी पाहिलं, कागद आहे की नाही. भाजावळीवर तू तीन कळशा पाणी ओतलंस, एक कार्ड. दुपारचा वारा समुद्राकडून येतो आणि तुझं शेत बागेच्या पूर्वेला आहे, म्हणजे तुझ्याकडची ठिणगी बागेकडे जाणारच नाही, एक कार्ड. मी पडवीत ती मांडून बसले की तू विडी बाजूला ठेवून वाकून बघायचास.

"माका खंयच्या कपाटात ठेयतलंस गो बाय? धार्मिकात?"

"तू गप रव."

"रहस्यकथांत ठेव. निदान कोण तरी वाचतलो."

आतून वहिनी ओरडायची, "दोघांका लाज नाय! घरार केस पडली हा आणि हसतत!" आणि मग तीच चहा घेऊन यायची आणि विचारायची, "आज कितकी झाली?"

तू असाच होतास. मी लग्न करणार नाही म्हटलं तेव्हा सगळे नातेवाईक आपल्या खळ्यात जमले होते, आणि तू त्यांना सांगितलंस, "तिचा लगीन पुस्तकांशी झाला. जेवणावळ चुकली म्हणान रडा नको." ते हसले आणि विषय संपला. तेव्हापासून मला वाटायचं, कुठलीही गोष्ट तू एका वाक्यात संपवू शकतोस. केस मात्र तुझ्याने संपली नाही. जामीन मिळाला तेव्हा अट होती की तक्रारदाराशी बोलायचं नाही, त्याला भेटायचं नाही. तू ती अशी पाळलीस की मला राग यायचा. मेर एक, पाट एक, आणि तीन वर्षं दोघे एकमेकांना पाठ करून उभे. तुझं शिंपण झालं की तू पाट त्याच्या बाजूला वळवून ठेवायचास, न सांगता, आणि घरी यायचास. मी विचारलं, "त्येका कळता?" तू म्हणालास, "पाण्याक कळता."

हे मी कार्डावर लिहिलं नाही. बचावाला त्याचा उपयोग काय, ते मला ठरवता आलं नाही.

आता नारळ.

आगीनंतरच्या शनिवारी मी गावात आले होते. गुणाजीच्या खळ्यात माणसं जमत होती, कोणी तुझ्या भाजावळीचं नाव घेत होतं, कोणी मेरेच्या भांडणाचं. मला भांडणाचा आवाज सहन होत नाही, लहानपणापासून नाही. आमच्या गावची रीत मला ठाऊक होती. एखादं काही घडलं आणि ते कोणाकडून घडलं हे ठरेना, की ज्याची जमीन लगतची त्याने देवापुढे नारळ ठेवायचा. त्यात कबुली नसते. घडलं ते आमच्या शेजारी घडलं, पुढे घडू देऊ नको, एवढंच सांगणं असतं. गावकार गाऱ्हाणं घालतो, लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि मग त्या गोष्टीवर कोणी बोलायचं नाही. मी तुला म्हटलं, "नारळ ठेव आणि मिटव. एक नारळ काय जड आसा?"

तू म्हणालास, "मी पेटवक नाय, तर नारळ कित्याक ठेवू?"

रविवारी सकाळी मी मागच्या दारी तोंड धूत होते. तू तरव्याच्या जागेवर उकिडवा बसला होतास. हातात काटकी होती. भाजावळीची राख तू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उकरत होतास, मध्येच तळहात टेकवत होतास. मग उठून मेरेपर्यंत गेलास आणि पलीकडे बघत उभा राहिलास. परत आलास, कोपऱ्यातला एक नारळ घेतलास, स्वतः सोललास, शेंडी ठेवलीस, आणि मला म्हणालास, "चल."

मी काही विचारलं नाही. माझं ऐकलंस याचाच मला आनंद झाला होता.

आणि दुसऱ्या दिवशी गुणाजी पोलिसात गेला. तक्रारीत त्याने लिहून दिलं की आरोपीने देवासमोर नारळ ठेवून गुन्हा कबूल केला. गावातला माणूस असून त्याला असं कसं वाटलं, यावर मी फार विचार केला. मुंबईत नोकरीत वर्षं घालवून तो गावी परतला होता. रीत त्याला दिसली, ती कळली नाही, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. पण कार्डं क्रमाने लावली तेव्हा दिसलं ते वेगळंच होतं. आग शुक्रवारची, तक्रार सोमवारची. शनिवारी, रविवारी त्याने कोणाचं नाव घेतलं नव्हतं. नाव घेतलं ते नारळानंतर. नारळ माझा.

हे तुला मी सांगितलं नाही, दादा. वकीलबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उत्तम. हेच तुम्ही कोर्टात सांगा. भांडण मिटावं म्हणून मी सांगितलं, म्हणून त्याने ठेवला. कबुलीचा मुद्दाच उरत नाही. पण तोवर गावात कोणाशी बोलू नका, समोरचे तयार होऊन येतील." मी बोलले नाही. तीन वर्षं गुणाजीच्या दारावरून मान खाली घालून गेले. अट तुला होती, मीही ती पाळत बसले.

शेवटच्या शुक्रवारी तू ग्रंथालय बंद व्हायच्या वेळी आलास. काजूगर नव्हते, हंगाम नव्हता. पायरीवर बसलास.

"बाय, सोमवारी तू उभी रवू नको."

"कित्याक?"

"तू काय सांगतलंस?"

"दोनच गोष्टी. तू त्या दुपारी हय होतंस. आणि नारळ माझ्या सांगण्यावरून ठेयलंस."

"पयला खरा."

"दुसराय खरा. मीच म्हटलंय ना तुका?"

"तू म्हटलंस ता खरा. पण मी ठेयलंय कित्याक, ता तुका ठावक आसा?"

मला ते अनपेक्षित होतं. मी म्हटलं, "मगे सांग."

"सांगान काय करतलंस? कार्डार लिवतलंस?"

"लिवतलंय. कोर्टाक कारण लागता."

"देवान इचारूक नाय," तू म्हणालास.

मी चिडले. इतक्या वर्षांत तुझ्यावर अशी चिडले नव्हते. म्हटलं, तुझ्यासाठी तीन वर्षं घालवली, आणि तू कोडी घालतोस. तू हसला नाहीस. धोतराला लागलेली धूळ झटकलीस, म्हणालास, "एसटी चुकतली," आणि गेलास. वळणावर तू मागे बघितलंस की नाही, मी पाहिलं नाही. मी कुलूप लावत होते.

तीन आठवडे मी त्या वाक्याभोवती फिरते आहे. तू बाग पेटवली नाहीस, हे मला माहीत आहे. हे मी तुझ्यावरच्या मायेने म्हणत नाही. तू माझ्यासमोर बसला होतास. तुझ्या राखेतली ठिणगी वाऱ्याविरुद्ध, तीन कळशा पाण्याखालून, एका रात्रीनंतर बागेत जाऊ शकत नव्हती, हेही मला माहीत आहे, मी ते कार्डावर लिहिलं आहे. पण तेव्हा तुला तशी खात्री होती का? त्या सकाळी राखेत तू काय शोधत होतास? गरम जागा सापडली का? की काहीच सापडलं नाही, आणि तरी, शेजाऱ्याची बाग जळली म्हणून, तुला तो नारळ ठेवावासा वाटला? की भांडणाने माझा चेहरा कसा होतो ते बघून ठेवलास? मी विचारायला हवं होतं. मी पंचनामा वाचला, नकाशा वाचला, वाऱ्याची दिशा तुझ्याकडून लिहून घेतली. तुला मात्र विचारलं नाही. विचारलं तर मला शंका आहे असं तुला वाटेल, ही भीती होती. आता वाटतं, न विचारण्यानेच तुला तसं वाटलं असेल.

शनिवारी तुला नेताना प्रत्येक घरातून एक लाकूड आलं. गुणाजीही आला. तुझ्या खळ्यातून गेला. खांद्यावर आंब्याचं ओंडकं होतं आणि त्याची एक बाजू काळी होती. आगीत जळलेल्या त्याच्या रायवळ आंब्याचं. ते बघून वहिनीने माझा हात धरला आणि विचारलं, "ह्येचो अर्थ काय वन्सं?"  माफी म्हणून आणलं की टोमणा म्हणून, की घरात तेवढंच सुकं लाकूड होतं म्हणून. ते तुझ्यावर रचलं गेलं.

तेरावं झाल्यावर वहिनी म्हणाली, "कोर्टान आयकूक नाय, तर देवळात सांगा. सगळ्यांम्होरं. त्येंच्या नारळाचा लोक अजून बोलतत." तिला हवं होतं ते सरळ होतं. वन्संनी सांगितलं म्हणून ठेवला, एवढं मी म्हणायचं. आम्ही गेलो. गावकार उभे राहिले. गुणाजी खांबाला टेकून होता. मी प्रमाण भाषेत सुरुवात केली, कोर्टासाठी पाठ केलेली, आणि दोन वाक्यांनंतर ती सुटली.

"आग लागली तेव्हा दादा माझ्याकडे होतो," मी म्हटलं. "नारळ ठेव म्हणान मी सांगलंय. पण त्येना तो कित्याक ठेयल्यान, ता माका ठावक नाय."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. गावकारांनी तेवढंच गाऱ्हाण्यात घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान ठेयलेलो नारळ कित्याक ठेयलो ता तुका म्हायत, बाकी कोणाक नाय, तर तो तूच जाणून घे आणि मागे रवलेल्यांका सांभाळ. लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा." गुणाजीही म्हणाला. मी ऐकलं.

बाहेर तो चपला शोधत होता. म्हणाला, "तो त्या दुपारी तुझ्याकडे होतो, ता आदी कित्याक सांगूक नाय?"

"वकिलांनी गप रवाक सांगलेला."

"आणि गावान? गावान खंय सांगलेला गप रवाक?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तो नारळ नसतो, तर मी पोलिसात जावक नसतंय, बाय."

"म्हायत आसा," मी म्हटलं. तीन वर्षं मनात ठेवलेलं ते एवढ्यात बोलून झालं. मग विचारलं, "त्या दिवशी ता लाकूड..."

"आंब्याचा होता," तो म्हणाला. "सुका."

वहिनी घरापर्यंत माझ्या पुढे चालत राहिली. घरी आल्यावर तिने पान वाढलं, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुमी खोटा बोलला असतास तर माका बरा वाटला असता. पण त्येंका आवडला नसता." मग म्हणाली, "जेवा."

मृत्यूचा दाखला दिला, आणि काल वकीलबाईंचा फोन आला. केस बंद झाली. संध्याकाळी मी मेरेवर गेले. पाट आपल्या बाजूला वळवलेला होता. कोणी वळवला, मी विचारलं नाही. पुन्हा तीच चूक करते आहे का, कोण जाणे.

कार्डं खोक्यात घातली आहेत. एकतीस आहेत. नारळाच्या कार्डावर वार आहे, जागा आहे, सांगणारी म्हणून माझं नाव आहे. कारणाची ओळ कोरी आहे.